बदलून आलेली हार्ड डिस्क : नवी की रिफर्बिश्ड?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा व्यवसाय आहे. १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आठ महिन्यांत बंद पडली. वॉरंटीत पाठवली, तर पंधरा दिवसांनी कुरिअरने दुसरी आली. साधं तपकिरी खोकं, आत चंदेरी पिशवी, पिशवीत डिस्क. केबल नाही, पुस्तिका नाही. दुकानदार म्हणतो, "कंपनीकडून आली म्हणजे नवीच असते." ही खरंच नवी आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखू? लग्नसराई तोंडावर आहे.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं चुकीचं आहे, मात्र तो मुद्दाम फसवतोय असंही नाही. मोठ्या कंपन्यांच्या वॉरंटीपत्रात बदली माल "नवा किंवा रिसर्टिफाइड" देण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे राखलेली असते. म्हणजे दुसऱ्या कुणाची परत आलेली, कारखान्यात तपासून-दुरुस्त करून पुन्हा पाठवलेली डिस्क तुम्हाला मिळू शकते, आणि ती फसवणूक ठरत नाही. तपकिरी खोक्यावरून काहीच ठरत नाही, कारण बदली म्हणून पाठवलेली नवी डिस्कसुद्धा अशीच येते. केबलचंही तेच. वॉरंटीत पाठवताना फक्त डिस्क पाठवा, केबल जवळ ठेवा असं सांगतात, म्हणून परत येतानाही केबल नसते.

ही डिस्क तपासून होईपर्यंत तिच्यात एकही फोटो टाकू नका. आधी दिवसाउजेडात बाहेरून नीट बघा. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत "रिसर्टिफाइड", "सर्टिफाइड रिपेअर्ड" किंवा "रिफर्बिश्ड" असं इंग्रजीत छापलेलं असेल तर प्रश्न तिथेच मिटला. सीगेट कंपनीच्या दुरुस्त ड्राइव्हच्या लेबलला हिरवी किनार असते, पण ते लेबल आतल्या ड्राइव्हवर असलं तर बंद डबीतून दिसणार नाही. म्हणून डबी उघडू नका. तिचे प्लास्टिकचे खटके तुटतात आणि वॉरंटी जाते. शिवाय वेस्टर्न डिजिटलच्या अनेक छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट आतल्या बोर्डावरच जोडलेलं असतं, त्यामुळे उघडून पुढे काही करताही येत नाही.

मग मोबाइलची टॉर्च यूएसबीच्या तोंडात मारा. कोऱ्या डिस्कच्या तोंडाची पत्री आतून एकसारखी चकाकते. वापरलेल्या डिस्कच्या पत्रीवर केबल आत-बाहेर केल्याच्या उभ्या रेघा दिसतात, आणि रुंद तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत काळपट धूळ बसलेली असते. डबीच्या जोडावर नख फिरवून बघा. कुठे पोपडा निघालेला असेल किंवा पातळ पट्टी घालून उचकटल्याची खूण लागली, तर त्या जागेचा फोटो काढून ठेवा. बाहेरून काहीच सापडलं नाही तरी निश्चिंत होऊ नका. आतली ड्राइव्ह जुनी ठेवून वरची डबी बदलता येते.

खरी माहिती डिस्कच्या आतच असते. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची एक वही लिहीत असते, तिला "स्मार्ट" म्हणतात. ती वाचायला विंडोजवर "क्रिस्टलडिस्कइन्फो" हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. डिस्क पहिल्यांदा जोडली की आधी हेच उघडा. आधी इतर चाचण्या केल्या तर त्यांचे तासही वहीत चढतात आणि मूळ आकडा हातातून जातो. उघडल्यावर उजवीकडे वर दोन आकडे दिसतात : पॉवर ऑन अवर्स म्हणजे एकूण चालू तास, आणि पॉवर ऑन काउंट म्हणजे ती किती वेळा सुरू झाली. नव्या डिस्कमध्ये तास ० किंवा फार तर कारखान्यातल्या चाचणीचे थोडे, आणि काउंट एक आकडी असतो. तास ११,४८२ दिसले तर त्याला २४ ने भागा. ४७८ दिवस ती डिस्क कुठेतरी अखंड फिरलेली आहे.

खालच्या तक्त्यातले आकडे सुरुवातीला हेक्स पद्धतीत (दहाऐवजी सोळाच्या पायावर, मध्ये ए ते एफ ही अक्षरं घेऊन) दिसतात आणि तिथे अनेकांची गफलत होते. मेनूतल्या "फंक्शन"मध्ये जाऊन "ॲडव्हान्स्ड फीचर", त्यात "रॉ व्हॅल्यूज", त्यात दशमान हा पर्याय निवडा. आता तीन ओळी बघा : रीअलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहिती साठवायचा छोटा कप्पा.) तिन्हींची रॉ किंमत ० हवी. डिस्क नवी असो वा दुरुस्त, या ० बाबत तडजोड करू नये. डिस्क सीगेटची असेल तर "रीड एरर रेट" आणि "सीक एरर रेट" यांच्यासमोर कोटींतले आकडे दिसतील. त्यांनी घाबरू नका. सीगेट त्या एकाच आकड्यात चुका आणि एकूण वाचनांची संख्या मिळून लिहिते, म्हणून धडधाकट डिस्कमध्येही तो आकडा प्रचंड दिसतो.

इथवर सोपं होतं. अडचण अशी, की ही वही कोरी करता येते. कंपनी स्वतः रिसर्टिफाय करते तेव्हा तास पुसून ० करून देणं नेहमीचंच आहे, आणि बाजारातले काही लोकही ते करतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नेमकं हेच उघडकीला आलं. सीगेटच्या सर्व्हरसाठीच्या एक्झॉस मालिकेतल्या हजारो तास चाललेल्या ड्राइव्ह काही विक्रेत्यांकडून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या स्मार्ट नोंदीत तास ० होते. चोरी पकडली गेली ती फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीमुळे. सीगेटची ड्राइव्ह ही नोंद वेगळ्या जागी ठेवते आणि वरवर पुसणाऱ्याच्या हातून ती राहून जाते. "स्मार्टमनटूल्स" या फुकट सॉफ्टवेअरच्या ७.४ आणि पुढच्या आवृत्तीत ती वाचता येते. त्यात आज्ञा टाइप करावी लागते, म्हणून तालुक्याला संगणक दुरुस्ती करणारा माहितीतला असेल तर त्याच्याकडून करून घ्या. स्मार्टमधले तास आणि फार्ममधले तास यांत मोठा फरक निघाला तर घड्याळ मागे फिरवलंय हे नक्की. काही डब्यांतला यूएसबीचा सर्किट ही नोंद बाहेर येऊच देत नाही. तसं झालं तर तो पुरावा कुठल्याच बाजूचा धरू नका.

डिस्क सीगेटची नसेल तरी आकड्यांची आपापसात गाठ घालता येते, आणि आमच्या मते हीच सगळ्यांत कामाची युक्ती आहे. पुसणारा बहुतेकदा तासांवरच थांबतो. तास ३ आहेत आणि लोड सायकल काउंट, म्हणजे वाचणारं डोकं जागेवर ठेवल्याची संख्या, ४०,००० आहे, असं तीन तासांत होऊच शकत नाही. "टोटल एलबीए रिटन" ही ओळ दिसत असेल तर तिला ५१२ ने गुणा, तेवढे बाइट आजवर लिहिले गेलेत. दोनशे कोटी म्हणजे साधारण १ टीबी. नव्या डिस्कवर इतकं लिहिलेलं नसतं. "जीस्मार्टकंट्रोल" या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जुन्या स्वचाचण्यांची यादी दिसते आणि प्रत्येकीसमोर ती कितव्या तासाला झाली हे लिहिलेलं असतं. आज डिस्कचे एकूण तास ३ आणि यादीतली चाचणी ८,००० व्या तासाला झालेली, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

आता तुमच्या डिस्कबद्दल स्पष्ट सांगतो. कंपनीने नीट रिसर्टिफाय केलेली डिस्क असेल आणि लेबलवर तसं छापलेलं नसेल, तर घरी बसून शंभर टक्के छडा लागेलच असं नाही. अशा वेळी तक्रार क्रमांक टाकून कंपनीला ईमेल करा आणि दोनच प्रश्न विचारा : बदली डिस्क नवी आहे की रिसर्टिफाइड, आणि तिची वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत आहे? फोनवर विचारू नका, लेखी उत्तर हवं. मूळ वॉरंटीची उरलेली मुदत किंवा ९० दिवस, यांतली जी जास्त ती बदली डिस्कला मिळते, असं अशा वॉरंटीपत्रात सहसा लिहिलेलं असतं. कंपनीच्या संकेतस्थळावर नवा सिरियल नंबर टाकून तीच तारीख दिसते का बघा. तिथे आधीची तारीख आली तर लगेच कळवा, वर्षभराने कुणी ऐकत नाही.

व्यवसायाच्या दृष्टीने नव्या-जुन्यापेक्षा धडधाकट आहे की नाही हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते पूर्ण डिस्क एकदा भरून वाचल्याशिवाय कळत नाही. "एचटूटेस्टडब्ल्यू" हे छोटं सॉफ्टवेअर रिकाम्या डिस्कवर १-१ जीबीच्या फाइली भरतं आणि मग एकेक वाचून पडताळतं. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी जागा दाखवतं, ते बरोबर आहे. निळ्या यूएसबी ३ तोंडाला जोडली तर लिहायला सुमारे ३ तास आणि वाचायला ३ तास धरा. जुन्या यूएसबी २ तोंडावर हेच काम १६ तासांवर जातं. चाचणी लॅपटॉपवरच करा, म्हणजे मध्येच लाईन गेली तरी बॅटरीवर चालू राहते. लिहून झाल्यावर काही कारणाने थांबलीच, तर पुन्हा पहिल्यापासून लिहायची गरज नाही. तिथलं "व्हेरिफाय" बटण दाबलं की आधी लिहिलेल्या फाइली ते वाचतं.

ही चाचणी रात्री लावा. छोट्या एक्स्टर्नल डिस्कसाठी आजूबाजूचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं कंपन्या सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या स्टुडिओत दुपारी त्याच्या कितीतरी वर पारा असतो. क्रिस्टलडिस्कइन्फोत डिस्कचं आतलं तापमान दिसत राहतं. ते ५५ च्या पुढे गेलं की चाचणी थांबवून डिस्क निवू द्या. थंड करायला ती थेट कूलरच्या तोंडाशी ठेवू नका. कूलरची हवा पाण्याचे तुषार घेऊन येते. खोलीत कूलर असू द्या, डिस्क बाजूला लाकडी टेबलावर ठेवा, खाली गादी किंवा बॅग नको.

चाचणी संपली की पुन्हा त्याच तीन ओळी उघडा. आधी पेंडिंग ० होतं आणि आता ८ किंवा १६ झालं, तर डिस्क परत पाठवा. (अनेक डिस्कमध्ये हा आकडा ८ च्या पटीत वाढतो, कारण आतला ४,०९६ बाइटचा एक सेक्टर बिघडला की ५१२ चे ८ मोजले जातात.) तिन्ही ओळी ० राहिल्या, फिरताना टकटक आवाज आला नाही, तर रिसर्टिफाइड असली तरी ती कामाला घ्यायला हरकत नाही. एका लग्नाचं चित्रीकरण मात्र अल्बम हातात देईपर्यंत दोन वेगवेगळ्या डिस्कवर असू द्या. वॉरंटी डिस्क बदलून देते, त्यातला डेटा परत देत नाही, आणि सप्तपदी पुन्हा शूट करता येत नाही.

प्रश्न : गावातल्या शाळेसाठी लोकवर्गणीतून २ टीबीची "नवी" एक्स्टर्नल डिस्क ऑनलाइन घेतली. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तास ९,००० च्या वर आहेत आणि आतल्या ड्राइव्हचं नाव इंग्रजी एच, टी, एस या अक्षरांनी सुरू होतं. विक्रेता म्हणतो, सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं. काय करावं?
— एक शिक्षिका, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : सॉफ्टवेअर चुकीचं दाखवत नाही, ते डिस्कने लिहिलेलंच वाचतं. एच-टी-एसने सुरू होणारी ड्राइव्ह ही हिताची, म्हणजे नंतरच्या एचजीएसटीची, लॅपटॉपमधली ड्राइव्ह असते. ती कंपनी वेस्टर्न डिजिटलने २०१२ मध्ये घेतली आणि पुढे ते नावही बाजारातून गेलं. म्हणजे कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमधली ड्राइव्ह काढून नव्या डबीत घातली आहे. आतल्या नावावरून ड्राइव्ह कोणत्या कंपनीची हे ताडायची ही पद्धत इतरांनाही उपयोगी पडेल : एस-टीने सुरू होणारी सीगेटची, डब्ल्यू-डीने सुरू होणारी वेस्टर्न डिजिटलची, एम-क्यूने सुरू होणारी तोशिबाची. डबीवर या तिघांपैकी एकीचं नाव आणि आत दुसरीची ड्राइव्ह निघाली की ती जुळवलेली असण्याची दाट शंका घ्यावी. सिरियल नंबरच्या बाबतीत मात्र घाई नको. काही अस्सल डिस्कमध्ये डबीचा नंबर आणि आतल्या ड्राइव्हचा नंबर वेगळे असतात. खोक्यावरचा आणि डबीवरचा नंबर मात्र जुळायलाच हवा.

दारव्ह्याच्या वाचकाला बदली माल मिळाला होता. तुम्हाला नवा म्हणून पैसे घेऊन जुना माल विकला आहे, आणि हे सरळ ग्राहक संरक्षण कायद्यात बसतं. तास, मॉडेल आणि सिरियल एकत्र दिसतील असा पडद्याचा फोटो घ्या, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोच्या फाइल मेनूतून मजकूरही साठवून ठेवा. खोकं फेकू नका. लीगल मेट्रोलॉजीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बंद पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. तुमच्या खोक्यावर ती पट्टी नसेल तर तो तुमच्या बाजूचा आणखी एक पुरावा आहे.

परत करण्याची मुदत संपायच्या आत ॲपवर "वेगळा किंवा वापरलेला माल" असं कारण देऊन परतीची नोंद करा. कारणात "डिस्क चालत नाही" असं लिहू नका. तसं लिहिलं की दुरुस्ती किंवा बदली देऊन प्रकरण बंद करतात. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी तुमचं काम बुलडाण्यात होतं. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे. बिल शाळेच्या नावावर असेल तर तक्रारही मुख्याध्यापकांच्या सहीने जाऊ द्या, आणि वर्गणीच्या पैशांतून घेतल्याची नोंद सोबत जोडा.

प्रश्न : माझं सेतू केंद्र आहे. बंद पडलेली डिस्क बदलून मिळतेय, पण तिच्यात गावकऱ्यांच्या आधार कार्डांचे आणि सातबाऱ्यांचे स्कॅन आहेत. पाठवावी का?
— एक केंद्रचालक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : ती अजूनही संगणकाला दिसत असेल तर आधी पूर्ण फॉरमॅट करा. विंडोजमध्ये "क्विक फॉरमॅट"समोरची खूण काढली की ते डिस्कवर सगळीकडे शून्य लिहितं. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते आणि फाइली सहज परत काढता येतात. फॉरमॅट अर्ध्यावर अडकलं किंवा डिस्क दिसतच नसेल, तर आमचा सल्ला असा, की ती पाठवू नका. बदली डिस्कची किंमत काही हजार रुपये असते. तुमच्यावर विश्वास ठेवून शेकडो लोकांनी दिलेल्या कागदांपेक्षा ती जास्त नाही. अशी डिस्क खिळ्याने आरपार भोक पाडून, आतल्या तबकड्या चेचून मगच टाका. आणि तुम्हाला मिळणारी रिफर्बिश्ड डिस्कसुद्धा अशाच कुणीतरी पाठवलेली असू शकते, हे ध्यानात असू द्या.

यापुढच्या डिस्कवर पहिल्याच दिवशी "व्हेराक्रिप्ट"ने कुलूप लावा. ते फुकट आहे. मग डिस्क बंद पडली तरी न पुसता पाठवता येईल. पासवर्ड मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा, तो हरवला तर डेटा परत मिळत नाही.

प्रश्न : बदली आलेली डिस्क संगणकावर दोन-पाच मिनिटांत आपोआप निघून जाते, पुन्हा लागते. रिफर्बिश्ड असल्यामुळे होतं का?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आधी केबल आणि तोंड बदलून बघा. छोटी डिस्क सगळी वीज यूएसबीमधूनच घेते. यूएसबी २ चं तोंड ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००, आणि तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी डिस्कला त्याहून थोडी जास्तही लागते. डेस्कटॉपच्या पुढच्या तोंडापर्यंत आतून लांब, बारीक वायर आलेली असते, त्यात दाब उतरतो. मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या तोंडाला आखूड केबलने जोडा. अनेक घरांत एवढ्यानेच काम होतं. तरीही निघत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोत पॉवर ऑन काउंट बघा. आज सकाळी १२ होता आणि संध्याकाळी ३१ झाला, तर डिस्कची वीज खरोखर तुटतेय. काउंट तोच आहे आणि तरी डिस्क गायब होते, तर बिघाड वीजपुरवठ्यात नाही, डबीतल्या यूएसबी सर्किटात किंवा केबलच्या डेटा तारेत आहे. वॉरंटी केंद्राला हे दोन आकडे तारीख-वेळेसह लिहून पाठवा.